भाईकाकांनी पाडलेले खासदार

ऋषिपंचमीची सकाळ होती. पडवीत अळूची देठं, लाल माठ, दोडकी, भेंडी, कोवळी कणसं असा ऋषीच्या भाजीचा पसारा मांडून भाईकाका बसले होते. अळू सोलायचं काम त्यांच्याकडून कुणी काढून घेत नाही, कारण घरात सगळ्यांचे हात खाजतात आणि त्यांचे खाजत नाहीत. आत माजघरात गणपतीपुढची अगरबत्ती, बाहेर चिऱ्यांच्या गडग्यावर ओली शेवाळ, आणि मध्ये आम्ही चाकरमानी मंडळी मोबाइलमध्ये मान घालून परतीची तिकिटं शोधत बसलेली. आतेभाऊ वैतागून म्हणाला, "ही रेल्वे आणली कोणी, त्याला आणून बसवा रे या गर्दीत एकदा." त्यावर नेहमीचा वाद. एक म्हणाला जॉर्ज फर्नांडिसांनी आणली, दुसरा म्हणाला श्रीधरन यांनी बांधली, तिसरीला अ. ब. वालावलकरांचं नाव आठवलं. भाईकाकांनी एका देठाची साल टोकापासून मुळापर्यंत एका ओढीत काढली, मान वर न करता म्हणाले, "दंडवत्यांनी आणली. तेका आमीच पाडलो," आणि पुढचं देठ उचललं.

बोलणं पुढे गेलं. कुणाला तरी नवमीचं तिकीट मिळालं, आरडाओरडा झाला, आतून चहा आला. मला मात्र ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. त्यात पश्चात्ताप नव्हता, फुशारकीही नव्हती. गेल्या वर्षी फणस कमी लागले, हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. आणि सांगणारे कोण, तर ज्यांनी आमच्या राजापूरच्या खासदारांसाठी, मधू दंडवत्यांसाठी, कित्येक निवडणुकांत घरोघर चिठ्ठ्या पोचवल्या ते भाईकाका. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरीमुळे उघड प्रचार करता येत नसे, म्हणून संध्याकाळी 'वाडीत जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडायचे आणि कंदील विझता विझता घरी यायचे. आजीला सगळं माहीत असे. ती फक्त विचारायची, "यंदा निशाणी काय रे?"

निशाणीचा प्रश्न आमच्या घरात खरोखरीचा होता. माणूस तोच, पण पक्ष फुटत, जुळत, पुन्हा फुटत, आणि दर वेळी चित्र बदलायचं. १९७१ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी. १९७७ मध्ये चक्रातला नांगरधारी शेतकरी. १९८९ मध्ये जनता दलाचं नुसतंच चक्र. आजीला अक्षरओळख नव्हती, ती चित्रावर शिक्का मारायची, आणि दर निवडणुकीत तिला नवीन चित्र पाठ करावं लागायचं. काँग्रेसवाल्यांचं बरं, असं ती म्हणे, आणि मग लगेच स्वतःलाच दुरुस्त करी, की तेही गाय-वासरू सोडून हातावर आले. समाजवादी माणसांवर प्रेम करणाऱ्यांच्या नशिबी ही निशाण्यांची उजळणी कायम आली. एवढी शहाणी, एवढी स्वच्छ माणसं, आणि एका पक्षात धड पाच वर्षं नांदली नाहीत. याचा राग मला अजून आहे, आणि तो मी कोकणी माणसाच्या हक्काने बाळगते.

दंडवते मूळचे आमचे नव्हेतच. जन्म अहमदनगरचा, घर मुंबईचं, शिकवायचं पदार्थविज्ञान. राजापूर मतदारसंघ बॅरिस्टर नाथ पैंचा. वेंगुर्ल्याचा तो माणूस १९५७ पासून लोकसभेत आमच्यासाठी बोलत होता, आणि बोलायचा असा की ज्यांना इंग्रजीचा शब्द कळत नसे त्यांनाही आपला माणूस दिल्लीत बोलतोय याचा अभिमान वाटे. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. पुढे दोनच महिन्यांत निवडणूक. त्या रिकाम्या जागेवर घाटावरचा, मुंबईत राहणारा, चष्मा लावणारा एक प्राध्यापक उभा राहिला आणि इंदिराबाईंची लाट देशभर सगळं धुऊन नेत असताना आमच्याकडे निवडून आला. भाईकाका सांगतात, की लोकांनी खरं तर नाथ पैंनाच मत दिलं होतं. दुसऱ्या वेळेपासून दंडवत्यांना दिलं.

त्यांच्या मास्तरकीबद्दल मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे, आणि राजकारणावर लिहिणारे लोक तो भाग एका ओळीत उरकतात म्हणून चिडही येते. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांची सोय व्हावी हा त्यामागचा एक हेतू. तिथे हा माणूस विसाहून अधिक वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होता, विभागप्रमुख होता, उपप्राचार्य होता. मधल्या काळात गोवा सत्याग्रहाला तुकडी घेऊन गेला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होता. म्हणजे सत्याग्रहाहून परत यायचं आणि पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं. मला वाटतं, रात्रपाळी करून आलेल्या, डोळे मिटत असलेल्या मुलाला विद्युतचुंबकत्व समजावून सांगायची सवय ज्याला लागते, त्याचं भाषण पुढे कुठल्याही सभागृहात वेगळंच होत असणार. समोरचा मूर्ख नाही, तो दमलेला आहे, हे त्याने धरून चाललेलं असतं. पुढाऱ्यांच्या भाषणात बहुधा याच्या नेमकं उलटं असतं.

मी स्वतः त्यांना ऐकलं ते लहानपणी, शाळेच्या पटांगणात, मे महिन्याच्या सुट्टीला गावी आलेली असताना. काय बोलले यातलं काहीही आठवत नाही. आठवतो तो कर्ण्याचा खरखराट, पांढरे कपडे, आणि बाकांवर बसलेली माणसं टाळ्या न वाजवता ऐकत होती ते. घरी जाताना विजेरीच्या उजेडात पायवाटेवर मोठ्या माणसांचा वाद चालला होता तो रेल्वेवर. होणार, नाही होणार. आमच्या डोंगरांतून रेल्वे म्हणजे घोरपडीला कासरा, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी आईच्या खांद्यावर होते.

त्या वेळी रेल्वे म्हणजे काय हे कळायला एसटीने आलेलं असायला हवं. संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघायचं, पेणला पहिला चहा, मग कशेडीचा घाट. त्या घाटात अख्ख्या गाडीला एकदम मळमळायचं. आवळासुपारी, लिंबू, खिडकीजवळच्या माणसाशी भांडण, मागच्या बाकावर कोंबडी. पहाटे राजापूरला उतरून तोंड धुतलं की अजून चारपाच तास. बोटी होत्या, पण पावसाळ्यात बंद. मग त्याही कायमच्या बंद झाल्या. मुंबईला गेलेला माणूस मेला तर त्याला गावची माती नाही, आणि गावात कुणी मेलं तर मुंबईच्या मुलाला शेवटचं तोंड नाही, हा कोकणातला नियमच होता. त्याला कुणी अन्याय म्हणत नसे. घरं मनीऑर्डरीवर चालत आणि पोस्टमन हा गावातला सगळ्यात मोठा माणूस असे.

पोस्टमनवरून आठवलं. आणीबाणीचं आमच्या घरातलं आख्यान पोस्टातूनच सुरू होतं.

२५ जून १९७५ च्या रात्री दंडवते होते बंगळुरात. पक्षांतराला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा तपासणारी संसदेची संयुक्त समिती तिथे बसणार होती. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते त्यासाठी गेले होते. सकाळी चौघांनाही उचललं. पक्षांतरबंदीवर विचार करायला गेलेले खासदार लोकशाही जपण्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात, ही गोष्ट कादंबरीत घातली असती तर संपादकाने 'फारच जुळवलंय' म्हणून परत पाठवली असती. तो कायदा पुढे १९८५ मध्ये झाला. त्याचं आज महाराष्ट्रात काय झालं आहे ते वाचकांना माहीत आहे, मी त्यात पडत नाही.

चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात अटकेला आव्हान दिलं. तिथून ती प्रकरणं इतर राज्यांतल्या तशाच प्रकरणांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, की आणीबाणी चालू असताना नागरिकाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्नांचं. वर्गात वर्षानुवर्षं नियम, सिद्धता, अपवाद शिकवणाऱ्या माणसाने तो निकाल तुरुंगात वाचला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? मी कल्पना करायला जाते आणि थांबते. त्याच सुमाराला प्रमिलाताई, त्यांच्या पत्नी, येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, दोघांवरही खटला नाही, सुटकेची तारीख नाही. जवळजवळ दीड वर्ष. त्या काळात दोघांनी एकमेकांना दोनशेच्या आसपास पत्रं लिहिली. बंगळुराहून निघालेलं पत्र तपासनीसाच्या टेबलावरून येरवड्याला जायचं, तिथल्या तपासनीसाच्या टेबलावर पुन्हा उघडायचं. नवराबायकोंनी एकमेकांना लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला दोन अनोळखी सरकारी वाचक.

दंडवत्यांबद्दल बोलताना लोक प्रमिलाताईंना 'पत्नीही तुरुंगात होत्या' या शेपटीत बसवतात. त्या सेवा दलातल्या, स्वतंत्र वकुबाच्या कार्यकर्त्या. १९८० मध्ये मुंबईतून स्वतः लोकसभेवर निवडून आल्या आणि हुंड्याच्या कायद्यासाठी भांडल्या. तेव्हा नवराबायको दोघंही एकाच लोकसभेत होते, वेगवेगळ्या मतदारसंघांतून. या लेखाचा विषय त्या नाहीत, पण असायला हव्या होत्या, एवढं म्हणून पुढे जाते.

आमच्या गावात आणीबाणी कशी होती? बाहेरून पाहिलं तर काहीच नव्हतं. भात लावलं, कापलं. एसट्या वेळेवर सुटतात म्हणून लोक खूश होते. शाळेत मात्र मास्तर मंडळी एकमेकांशी पाऊस आणि पगार सोडून काही बोलेनाशी झाली. नसबंदीच्या केसेस आणायचं ओझं त्यांच्याही अंगावर येईल या धास्तीत ती होती. भाईकाकांनी तुरुंगातल्या खासदाराला एक पत्र लिहिलं होतं. आंतरदेशीय पत्र, आत फक्त गावची खुशाली. यंदा पाऊस चांगला, भात बरं आलंय, नदीला दोनदा पूर. पोस्टमनने ते हातात घेतलं, पत्ता वाचला, 'मास्तर, तुमची नोकरी?' एवढंच विचारलं. भाईकाका म्हणाले, 'पावसाची बातमी आहे त्यात.' पत्र गेलं की पोस्टमननेच वाटेत व्हाळात सोडलं, ते आजवर कळलेलं नाही. उत्तर आलं नाही. पण पोस्टमनने पुढे १९७७ मध्ये मतमोजणीच्या रात्री ट्रान्झिस्टर आमच्या पडवीत आणून लावला, त्यावरून भाईकाकांचा अंदाज आहे की पत्र गेलं असावं.

१९७७ च्या मार्चमध्ये तुरुंगातला माणूस रेल्वेमंत्री झाला. सव्वादोन वर्षं जेमतेम. त्यात त्यांनी काय केलं हे सांगताना सगळे दुसऱ्या वर्गाच्या बाकावरच्या दोन इंच फोमवर येऊन थांबतात. मीही थांबते, कारण लाकडी फळ्यांचं ते बाकडं मी पाहिलेलं आहे. फळ्यांमध्ये बोटभर फटी, रात्रभर झोपलं की सकाळी पाठीवर आडव्या रेघा, आणि हिवाळ्यात त्या फटींतून येणारं वारं. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला होता, फळ्या गेल्या नव्हत्या. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती फक्त दुसऱ्या वर्गाचे डबे लावून. लांब पल्ल्याची जलद गाडी आणि तिला पहिला वर्गच नाही. समाजवादावर घसा कोरडा करणारे पुष्कळ झाले, रेल्वेच्या डब्याच्या रचनेत समाजवाद बसवणारा हा एकच मला माहीत आहे. मे १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं, हे फोमपेक्षा मोठं होतं. पण पाठीला जे कळतं तेच लोकांच्या लक्षात राहतं.

त्याच सरकारने १९७८ मध्ये घटनेची चव्वेचाळिसावी दुरुस्ती केली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून तिथे 'सशस्त्र बंड' आलं, आणि जगण्याचा, व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं ठरलं. बंगळुराच्या तुरुंगात ज्या दाराला कुलूप लागलं होतं ते असं उघडलं. आणि मग १९७९ मध्ये हेच शहाणे लोक आपसांत भांडून सरकार घालवून बसले. ज्या मतदारांनी भीत भीत शिक्का मारला होता त्यांना तीन वर्षांच्या आत पुन्हा रांगेत उभं केलं. भाईकाका या एका गोष्टीवर आजही चिडतात. "तुरुंगात एकत्र रवले, खुर्चीत एकत्र रवाक येयना," असं म्हणून तंबाखूची पिंक लांब टाकतात.

तरीही राजापूरने त्यांना सोडलं नाही. १९८० मध्ये निवडून दिलं. १९८४ मध्ये इंदिराबाईंच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या, जनता पक्षाला देशभरात दहा, त्या दहांतला एक आमचा. दिल्लीत कुणी विचारलं असतं की ही माणसं कोण, जी वाऱ्याच्या विरुद्ध मत देतात, तर उत्तर होतं: भातशेती करणारी, मनीऑर्डरीवर जगणारी, आणि खासदार आपल्याला काय देतो यापेक्षा तो लोकसभेत कसा बोलतो याचा हिशेब ठेवणारी माणसं. निदान तेव्हा तरी असं वाटायचं.

१९८९ मध्ये पाचव्यांदा. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. अर्थसंकल्पात दंडवत्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा, म्हणजे सोन्याच्या व्यवहारावर बंधनं घालणारा कायदा, काढून टाकायचं जाहीर केलं. आमच्या बाजारातल्या सोनाराने, जो कधी कुठल्या सभेला गेला नव्हता, त्या दिवशी दुकानात पेढे ठेवले. पण खरी गोष्ट दुसरी. पैसा देणारं खातं आणि रूळ टाकणारं खातं पहिल्यांदाच अशा दोन माणसांकडे होतं ज्यांना किनाऱ्यावरची रेल्वे हवी होती. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. निम्म्याहून किंचित जास्त वाटा रेल्वेचा, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांचा. उरलेला पैसा बाजारातून, रोख्यांवर. सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी. नोव्हेंबरात सरकार पडलं. या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या की घाम फुटतो. दोन महिने उशीर झाला असता तर आपण अजून कशेडीत ओकत असतो.

पुढच्या वर्षी निवडणूक लागली. आणि मधू दंडवते राजापुरात हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

ऋषिपंचमीच्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी भाईकाकांना गाठलं. ते अंगणातल्या खाटेवर पाय लांब करून बसले होते, पायाला खोबरेल चोळत. मी म्हटलं, सकाळी बोललात ते खरं? म्हणजे तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, "मत गुप्त आसता गो. शाळेत शिकयला नाय तुका?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं विषय संपला. पण ते आठवत होते.

हळूहळू जे बाहेर आलं ते एकसंध नव्हतं, आणि मला ते तसंच आवडलं. १९९० मध्ये मालवणातून नारायण राणे निवडून आले होते, कोकणात शिवसेनेचं वारं होतं. लालबाग-परळला राहणारी गावची मुलं सुट्टीत भगवे झेंडे घेऊन येत. त्यांना लोकसभेतली भाषणं नको होती. गिरण्या बंद पडल्या होत्या, त्यांना राग हवा होता, आणि समाजवाद्यांना राग येतच नसे. मंडलवरून गावागावांत कुजबुज होती. दंडवते अर्थमंत्री, मग दिल्लीत, गावात दिसेनासे झालेले. आणि एक साकव. आमच्या वाडीतून शाळेत यायला मधे व्हाळ लागतो. जून ते सप्टेंबर मुलं एक तर पाणी उतरायची वाट बघायची, नाही तर कंबरभर पाण्यातून यायची. मास्तर या नात्याने भाईकाका पलीकडच्या काठावर उभे राहून मुलं मोजत. "आमका साकव होयो होतो," ते म्हणाले. "रेल्वे कोणाक दिसली हुती तवा?"

मी त्यांना म्हटलं, साकव बांधणं खासदाराचं काम नव्हे, जिल्हा परिषदेचं. आणि तेव्हा खासदाराकडे निधीही नसे. स्थानिक विकास निधी १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याआधी खासदाराच्या हातात फक्त पत्र, प्रश्न आणि भाषण. भाईकाकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी बरोबर उत्तर देणाऱ्या पण गणित न समजलेल्या पोरीकडे ते वर्गात पाहत असतील. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. त्यांनीच लोकांना समजावलं होतं, वाडीवाडीत जाऊन, की खासदाराने कायदा करायचा असतो, पाखाडी नव्हे. वीस वर्षं समजावलं. एके वर्षी पावसात त्यांच्या वर्गातला एक मुलगा व्हाळातून वाहत गेला, पुढे करवंदीच्या जाळीत अडकून वाचला. त्यानंतर त्यांना ते समजावणं जमेना, एवढंच. मत कुणाला दिलं हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

मुंबईत माझ्या ओळखीच्या लोकांना ही गोष्ट सांगितली की ते ठरलेलं वाक्य बोलतात: लोक कृतघ्न असतात. मला ते पटत नाही. दंडवत्यांनी जे तुरुंगात बसून मागितलं ते हेच होतं, की एखाद्या व्हाळाकाठच्या मास्तराला आपल्याला पाडता यावं, आणि पाडल्यावर रात्री त्याच्या दारावर पोलीस येऊ नयेत. त्याला वीस वर्षांच्या ओळखीची लाज वाटून मत द्यावं लागलं असतं तर तेही एक प्रकारचं कूळच झालं असतं, आणि कुळांचा इतिहास आमच्याकडे पुष्कळ आहे. पण हे सगळं पटूनसुद्धा मनाचा एक कोपरा कुरकुरतो. सात वर्षांनी, २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा तो उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा अंधार. त्या अंधारातून पहिल्यांदा जाताना डब्यातली पोरं एकसुरात ओरडली होती आणि शेजारच्या म्हातारीने हात जोडले होते. तेव्हा दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, पण आमचे खासदार नव्हते. हे मला बरोबर वाटतं आणि आवडत नाही, दोन्ही एकदम.

नंतर राजापूरने सुरेश प्रभूंना चार वेळा निवडून दिलं, आणि पुढे तेही रेल्वेमंत्री झाले, म्हणजे या मतदारसंघाच्या पत्रिकेतच रूळ असावेत. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच गेला, नकाशात रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे जे. जे. रुग्णालयाला दिला, त्यामुळे ना समाधी, ना राख, ना पुण्यतिथीला फुलं वाहायची जागा. पुढाऱ्याने मागे काही उरू नये अशी व्यवस्था केली की स्मारकवाल्यांची पंचाईत होते. सावंतवाडीच्या टर्मिनसला त्यांचं नाव द्यावं अशी मागणी मधूनमधून होते, सह्या गोळा होतात, निवेदनं जातात. यंदाही एक कागद फिरत गावात आला होता.

भाईकाकांनी सही केली. चष्मा लावून, पूर्ण नाव, खाली 'निवृत्त शिक्षक'. कागद आणणारा पोरगा खूश होऊन म्हणाला, काका, दोन शब्द बोला ना त्यांच्याबद्दल, मी व्हिडिओ घेतो. त्यांनी मोबाइलच्या दिशेने पाहिलं, धोतराचा सोगा सारखा केला आणि म्हणाले, "नाव द्या खुशाल. पण जनरलचो डबो फलाटावर खय लागता, ता आदी मोठ्या अक्षरात लिवा. म्हातारी माणसां सामान घेवन धावतत."